टनाला तीस ग्रॅम

देपालपूरच्या पुढे, सोयाबीन कापून उघड्या पडलेल्या शेतांमध्ये
आमची चार तळी.
आमच्या घरात मासा असायचा तो फक्त पंचांगात, मीन राशीला.
मी सियागंजच्या शाखेत एकतीस वर्षं कॅशियर.
निवृत्तीचे पैसे पाण्यात घातले म्हणून
भाऊ अजून हसतो.

पौषात पहिलं जाळं ओढलं.
घिसूलालने एक रोहू उचलून माझ्यासमोर धरला
आणि काही बोलला नाही.
माशाचा कणा मध्येच वळलेला,
घाईत केलेल्या सहीसारखा.
दुसऱ्याच्या डोळ्यांवर साय.
तिसऱ्याचं कपाळ चेपलेलं.
"बाई, खातात तर पोटभर," तो म्हणाला,
जणू उपासमारीचा आळ त्याच्यावरच आला होता.

पोटभरच खात होते.
माळव्यात सोयाबीनला काय तोटा?
पेंड, कोंडा, पुन्हा पेंड, सकाळ-संध्याकाळ.
महूच्या कॉलेजातून कानूनगोंची रेवती आली,
मांडीभर पाण्यात उतरली, कल्ले उचलून पाहिले,
आणि मला कळेल अशा भाषेत म्हणाली:
काकू, खात्यात रक्कम आहे, काढता येत नाही.
दाण्यातला फॉस्फरस दाण्यानेच कुलपात घातलाय
आणि किल्ली माशाकडे नाही.
तेच कुलूप जस्तालाही धरून ठेवतं,
म्हणून डोळे.

मग मी हाडांची पूड घातली. कुणाला न विचारता.
हाडाला हाड, इतकं सोपं वाटलं.
महिन्यात अकरा पोती संपली
आणि कणे होते तसेच.
रेवती हसली नाही, तेच जास्त लागलं.
रोहूला जठर नसतं, काकू.
आत आंबटच नाही, तर हाड विरघळणार कशात?

त्या रात्री झोप आली नाही.
जठर नाही.
मग भूक कुठे लागत असेल?
काही साठवायचं नाही, आलं की पुढे,
आणि अशा देहापुढे आपण कुलूपबंद पोती ओततो
नि वर म्हणतो, पोटभर.

चुना मात्र कुणी वाढावा लागत नाही.
इथलं पाणी जड, माझ्या पिंपाच्या काठावर पांढरी रेघ ओढणारं.
मासा तो कल्ल्यांतूनच घेतो, श्वास घेता घेता.
हाडाचं अर्धं देणं पाणीच भागवतं.
उरलेलं अर्धं आपलं.

आता शेडमध्ये सराफ्यातून आणलेला
जुना सोनारकाटा आहे.
विरघळणारं फॉस्फेट किलोंनी, त्याला साधा वजनकाटा चालतो.
जस्त टनाला तीस ग्रॅम.
मँगनीज त्याहून कमी.
आयोडीन चिमटीनेही जास्त होईल,
ते आधी मूठभर कोंड्यात, ती मूठ घमेल्यात,
घमेलं ढिगात.
घिसूलाल विचारतो, एवढ्याशाने काय होणार?
मी त्याला काय सांगू,
लाखांनी कधी मला अडवलं नाही.
रात्री साडेआठपर्यंत शाखेत बसवून ठेवलं ते दर वेळी
तीन रुपयांनी, सव्वा रुपयाने, असल्याच कशाने.

श्रावणात सोडलेली बोटुकली वीतभर झालीत.
सरळ आहेत.
जुने सतरा वाकडे आम्ही विकले नाहीत,
चौथ्या तळ्यात ठेवलेत.
त्यांनाही हाच दाणा. झालेलं हाड त्याने सुटत नाही,
रेवतीने आधीच सांगून ठेवलंय.
संध्याकाळी बादली वाजवली की
तेच आधी येतात, जरा तिरके,
साय धरलेल्या डोळ्यांनी, नुसत्या आवाजावर.

माझ्याही डाव्या डोळ्याची तारीख मिळाली, पुढचा मंगळवार.
डॉक्टरांना विचारलं, हे जस्तानं होतं का?
ते म्हणाले, तुमचं वयानं.
घिसूलाल म्हणाला, बादली मी वाजवीन.